पेंटरमामाचे चार खर्डे : बेळगावातल्या एका लघुपटाचं प्रकरण

पहिल्या खेळाला पन्नासेक माणसं होती. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, खिळ्यांना ताणून बांधलेली पांढरी चादर, उसना प्रोजेक्टर. बावीस मिनिटांचा लघुपट संपला, टाळ्या पडल्या, दिवे लागले. तेवढ्यात लघुपट करणाऱ्या चार पोरांपैकीच एकाची आजी शेजारणीला म्हणाली, "त्यो पयल्यापासनं रडूलालाय की गे. शेवटाला नवीन काय रडला?" तिला हळूच बोलायचं असणार, खरं सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

त्या वाक्यावर आमचे पुढचे सात महिने गेले. त्याची ही हकिगत.

माझी ओळख एवढीच की मी टिळकवाडीत वीस वर्षं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. हळदीपासून पाठवणीपर्यंत कोण कधी खरं रडतं आणि कोण कॅमेरा बघून रडतं, हे मला आवाज बंद ठेवूनही कळतं. म्हणून ही चौघं माझ्याकडे आली. लिहिणारी मुलगी खानापूर तालुक्यातली, कॅमेरावाला उद्यमबागेत फौंड्रीत पाळीवर जाणारा, बाकी दोघं कॉलेजात. पैसे नव्हते. माझं मशीन रात्री दहानंतर मोकळं असायचं, ते त्यांना दिलं.

गोष्ट बेळगावच्याच शहापुरातल्या एका खऱ्या पेंटरवरून घेतलेली. दुकानाच्या पाट्या रंगवणारा माणूस. पत्र्याला रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, खडू चोळलेली दोरी ताणून झटकायची, हाताखाली काठी धरून अक्षर ओढायचं. चाळीस वर्षं हेच. त्याच्या बापाचाही हाच धंदा. आम्ही सगळे त्याला मामा म्हणतो, म्हणून लघुपटातलाही पेंटरमामाच.

पहिला खर्डा

सकाळी मामा शिडी खांद्यावर घेऊन निघतो. फ्लेक्सच्या दुकानापाशी पोरं त्याला हसतात. जुनं गिऱ्हाईक काम देत नाही. मुलगी फीचे पैसे मागते. मग दुकानदार सांगतो की नवीन नियम आलाय, पाटीवर साठ टक्के कानडी पाहिजे, तुझ्या बापानं रंगवलेली मराठी पाटी पुसून टाक. मामा बापाच्या अक्षरांकडे बघतो, ब्रश हातातून पडतो, डोळ्यांतून पाणी. चित्र गोठतं. पार्श्वसंगीत.

नियम खरा आहे. २०२४ साली कर्नाटकाने पाट्यांवर साठ टक्के कानडी सक्तीची करणारी दुरुस्ती केली. पोरांनी लिहिलेलं सगळंच तसं खरं होतं आणि तिथंच घोळ होता. आमच्या भागात वाढलेल्या माणसाला गोष्ट लिहायला बसवलं की सीमाप्रश्न आपसूक येऊन खुर्ची धरतो आणि माणूस उभा राहतो. राज्य पुनर्रचना १९५६ ची, महाराष्ट्राने सुप्रीम कोर्टात दावा लावला २००४ साली, दर १ नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि पलीकडच्या गल्लीत काळा दिन. एवढा मोठा प्रश्न पडद्यावर आला की मामानं करायला काही शिल्लकच राहत नाही. त्यानं फक्त सोसायचं.

मी एक काम केलं. टाइमलाइनवर एकसष्ट शॉट होते. जिथं मामा स्वतः काहीतरी ठरवतो त्या शॉटला लाल रंग लावायचा आणि जिथं त्याच्याबाबतीत काहीतरी घडतं तिथं निळा. तासाभरानं सगळी पट्टी निळी. लाल एक सापडला, मामा चहात साखर घालून घेतो तो.

लिहिणारी गप्प बसली. मग म्हणाली, "मी असं लिवलो नव्हतो. तो असा झाला." (आमच्याकडे मुलीही 'आलो, गेलो, लिवलो' म्हणतात. लघुपटातली मुलगीही तसंच बोलते. पुढं एका स्पर्धेच्या परीक्षकानं ती व्याकरणाची चूक म्हणून नोंदवली.)

रविवारचे सिनेमे

पावसाळ्यात लग्नं नसतात. मी म्हटलं, दर रविवारी संध्याकाळी बसू आणि एकच गोष्ट शोधू. पहिल्या पंधरा मिनिटांतला माणूस आणि शेवटच्या पंधरा मिनिटांतला माणूस यांत काय बदललं, आणि त्याची किंमत कुणी मोजली? सिनेमा कुठल्याही जातीचा चालेल, तमाशापट, भयपट, विनोदी, मराठी, कानडी.

सुरुवात 'नटरंग'पासून केली, कारण गुणा कागलकर म्हणजे निपाणी ओलांडली की लगेचचा माणूस. २०१० चा सिनेमा. गुणाला तमाशात राजा व्हायचं असतं. फड उभा करायला नाच्या लागतो, कुणी तयार होत नाही, मग तो स्वतः उभा राहतो. फौंड्रीतल्या पोराला अतुल कुलकर्णीचं शरीर कसं बदललं याचंच कौतुक, आणि ते आहेच. तालमीत घडलेला पैलवान बघता बघता बायकी चालीनं चालायला लागतो. खरं मी त्यांना तो एक क्षण परत परत दाखवला, गुणा 'मी होतो नाच्या' म्हणून होकार देतो तो. तो होकार सिनेमात बराच लवकर येतो. उरलेला सगळा सिनेमा त्या होकाराचं बिल आहे. बायको, पोरगा, गाव, अब्रू, एकेक करून वसूल होत जातं. आमच्या मामानं होकार कुठं दिला होता?

पुढच्या दोन रविवारांवर मी आजही खूश आहे. एका रविवारी 'पिंजरा', दुसऱ्या रविवारी पुट्टण्णा कणगालांचा 'नागरहावु'. दोन्ही १९७२ चे. एक व्ही. शांतारामांचा, दुसरा चित्रदुर्गाच्या किल्ल्यातला. दोन्हीच्या मधोमध एक मास्तर. बेळगावात त्या वेळी ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या त्यांनी एकाच वर्षात हे दोन मास्तर बघितले असणार, याचा मला उगीच हेवा वाटतो.

'पिंजरा'तला मास्तर तमाशा गावाबाहेर घालवायला निघतो आणि स्वतःच त्यात अडकतो. गावाला वाटतं मास्तर मेला, गाव त्याचा पुतळा उभारतं, आणि हा जिवंतपणी त्याच फडाबरोबर हिंडतो. शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो. इथं बदल पायरी पायरीनं खाली जातो, आणि प्रत्येक पायरी मास्तर स्वतः उतरतो. त्याला कुणी ढकलत नाही.

'नागरहावु'त उलटं. तिथला रामाचारी म्हणजे डोक्यात राख घालून घेणारा पोरगा, आणि चामय्या मेष्ट्रु ही त्याला कह्यात ठेवणारी एकच व्यक्ती. मेष्ट्रुंच्या शब्दाखातर तो जिच्यावर जीव आहे त्या अलमेलूवर पाणी सोडतो. निर्णय घेतला मास्तरांनी, पाळला शिष्यानं, आणि तिचं आयुष्य मातीत गेलं. रामाचारी शेवटपर्यंत तसाच, नागासारखा फणा काढणारा. बदलतं ते मास्तरांवरचं आपलं मत. पहिल्या अर्ध्या तासात जो माणूस देवासारखा वाटतो, तोच शेवटाकडे आपल्याला चुकलेला दिसतो, आणि तो तर कणभरही बदललेला नसतो.

लिहिणारी त्या रात्री वहीत काहीतरी खरडत होती. विचारलं तर म्हणाली, "माणूस बदलायलाच पाहिजे असं नाही काय मग?" नाही. तेच शिकायचं होतं. कुणीतरी बदलायला पाहिजे. पडद्यावरचा नसेल तर खुर्चीतला.

त्याची पक्की खात्री 'कोर्ट' आणि 'तिथि'नं झाली. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, सगळे सुरुवातीला होते तसेच शेवटी. कॅमेरा फक्त त्यांच्या मागोमाग घरी जातो. कोर्टात कलमं वाचणारी बाई घरी स्वयंपाक करते, न्यायाधीश उन्हाळ्याच्या सुट्टीत सहलीला जातो, बाकावर डुलक्या घेतो, पोरांनी खोडी काढून उठवलं तर एकाला थप्पड मारतो आणि परत झोपतो. बदल शून्य. पण त्या थपडेनंतर आधीचे सगळे सुनावणीचे प्रसंग वेगळे आठवतात. 'तिथि' मंड्याकडचा, २०१६ चा, त्यातले बहुतेक जण आधी कधी कॅमेऱ्यासमोर न आलेले. एकशे एक वर्षांचा म्हातारा मरतो, आणि त्याचा मुलगा गड्डप्पा, स्वतःच म्हातारा, बापाच्या दिवसांचं ना सुख ना दुःख मानत रानोमाळ चालत राहतो. तो चालत राहतो म्हणून जमिनीसाठी धावणारा त्याचा मुलगा उघडा पडतो. आम्ही पोट धरून हसलो. नंतर कॅमेरावाला म्हणाला, "मामा पण असाच हाय की. त्येला काय पडलेलं नसतंय." ते त्या वेळी मी ऐकून सोडून दिलं. सोडायला नको होतं.

विनोदी सिनेमांवर फार वेळ घालवला नाही. 'अशी ही बनवाबनवी' चौघांनाही पाठ होता. त्यात माणसं फारशी बदलत नाहीत, खोटं तेवढं वाढत जातं, आणि ते झाकायला दर दहा मिनिटांनी आणखी एक खोटं लागतं. तेवढं टिपून ठेवलं.

भयपटात 'तुंबाड'. काळ कसा दाखवायचा, हे त्यातून चोरायचं होतं. गोष्ट तीन काळांत वाटलेली, १९१८, १९३३, १९४७. विनायक पोर असतो, मग तरणा, मग बाप. वाडा तोच, पाऊस तोच, लोभ तोच. काळाबरोबर विनायक शहाणा होत नाही, उलट त्याच्या लोभाला सराव होतो. आणि त्याच्या लोभाला नकार देतो त्याचा मुलगा. म्हणजे बापाच्या आयुष्यातला बदल पोराच्या अंगात जाऊन घडतो. पेंटर बाप, पेंटर मुलगा अशी आमची गोष्ट होती, तरी हे सुचलं नव्हतं.

'दृश्यम' आम्ही रविचंद्रनचा, कानडी 'दृश्य' बघितला, कारण मूळ मल्याळम कुणाला कळत नव्हतं आणि हिंदी सगळ्यांनी आधीच बघितलेला. केबलवाला माणूस घरच्यांना वाचवायला एक खोटं रचतो. आपल्याला प्रेत माहीत असतं, पोलिसांना नसतं. खरं त्या खोट्याखाली एक गोष्ट तो आपल्यापासूनही लपवतो, ती शेवटी कळते, आणि तेव्हा तो माणूस आपल्याला परत एकदा नव्यानं भेटतो. मूळ मल्याळम २०१३ चा, त्याचा पुढचा भाग २०२१ चा. मधली वर्षं गोष्टीतही गेलेली. घर वाचलेलं असतं, पण घरातलं कुणीच नीट झोपत नाही. पहिल्या भागातल्या हुशारीचं व्याज दुसऱ्या भागात भरावं लागतं.

'सैराट' बघायचाच नाही असं ठरलं होतं, सगळ्यांचा इतका बघून झालेला. तरी शेवटी लावला, फक्त मध्यंतरानंतरचा. त्यात सिनेमाच जात बदलतो. पहिल्या अर्ध्यात गाणी, विहीर, बुलेट, ट्रॅक्टर. दुसऱ्या अर्ध्यात भाषा न कळणाऱ्या शहरात आर्ची कारखान्यात कामाला लागते. प्रेमकथेतली पाटलाची पोरगी संसाराच्या गोष्टीत येऊन पडते, आणि तिला नवे नियम शिकावे लागतात. २०१७ साली तो कानडीत 'मनसु मल्लिगे' म्हणून झाला, तेव्हाही नायिका रिंकू राजगुरूच.

तीन चुकलेले प्रयत्न

प्रसंग एकच ठेवायचा, बापाची पाटी पुसायला सांगतात तो. तो वेगवेगळ्या जातीत लिहून बघायचा.

विनोदी खर्डा बरा होता. २०१४ च्या नोव्हेंबरात शहराचं इंग्रजीतलं नाव बेळगावी झालं (कानडीत ते आधीपासून बेळगावीच होतं), त्यामुळे शहरभर इंग्रजी पाट्यांना हात लावायचं काम निघतं, मामाची चांदी होते, आणि हाव सुटून तो एकाच पाटीसाठी दोन पार्ट्यांकडून आगाऊ पैसे घेतो. एकाला सांगतो रंगवतो, दुसऱ्याला सांगतो पुसतो. वाचताना हसू यायचं. चित्रीकरणाला एक अख्खी गल्ली लागली असती, आणि तेवढी गल्ली आम्हाला कोण देणार?

रहस्याचा खर्डा फसला. रात्रीत कुणीतरी पुसलेली मराठी अक्षरं परत रंगवून जातं, आणि शेवटी कळतं तो मामाच. ऐकायला झकास. खरं पहिल्याच वाचनात माझ्या बायकोनं चहा ठेवता ठेवता विचारलं, "गावात एकच पेंटर दाखवलाय, मग दुसरं कोण असणार?"

तिसरा शोकांत, तो आम्ही खर्ड्यांत धरतच नाही. मामा पाटी पुसायला नकार देतो आणि उपाशी मरतो. याबद्दल न बोललेलं बरं.

मामा काय म्हणाला

मग आम्ही परत शहापूरला गेलो, खऱ्या मामाकडे. पहिल्या खर्ड्याच्या वेळी पोरांनी त्याची दोन तास मुलाखत घेतली होती. मी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं आणि डोक्याला हात लावला. सतराव्या मिनिटाला मामा म्हणतो, "पाट्या मी दोन्ही केल्यात गा. मराठी असूदे, कानडी असूदे, पत्रा त्योच, पैसे त्येवढंच." आणि पुढं अर्धा तास दोन्ही लिप्यांबद्दल. देवनागरीला एकदा शिरोरेघ मारली की अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लोंबतात, एखादं वाकडं आलं तरी खपतं. कानडी अक्षराला आधार नाही. प्रत्येकाचा तलकट्टु, म्हणजे डोक्यावरची रेघ, वेगळा काढायचा आणि पोटातली गोलाई एका दमात. "कानडी अवघड हाय, म्हणून मला त्येच जास्त आवडतंय. बाला कानडी जमत नव्हतं."

हे सगळं पोरांनी गाळलं होतं. विचारलं तर म्हणाली, विषयात बसत नव्हतं.

सगळी गोष्ट तिथंच पडली होती. बापापेक्षा मुलाचं कानडी अक्षर चांगलं. बापाची पाटी पुसायची तर ती पुसायला आणि त्यावर कानडी लिहायला गावात सगळ्यात लायक माणूस कोण? तोच. आणि त्याला ते काम आतून हवंसं वाटतंय, याची त्याला लाज वाटते.

आता मामाला काहीतरी ठरवायचं होतं.

चौथा खर्डा

शेवटचा लघुपट एकोणीस मिनिटांचा झाला. दुकानदार फ्लेक्स लावायचं म्हणतो. मामा स्वतः पुढं होऊन सांगतो की फ्लेक्स नको, मी करतो, अर्ध्या पैशात. हा आमचा लाल शॉट, चौथ्या मिनिटाला. मग तो ब्लेडनं जुना रंग खरवडतो. काळ दाखवायची सोय पत्र्यानंच केली. रंगाखाली रंग निघत जातो, आणि त्या त्या थराबरोबर बाप भेटतो, शिडी धरणारा पोरगा मामा भेटतो. 'तुंबाड'ला तीन काळ लागले, आम्हाला एक पत्रा पुरला.

किंमत कुणी मोजली? रोजच्या चहाच्या टपरीवरचे तिघं दोस्त. त्यांचं बोलणं बंद होतं. कुणी शिव्या देत नाही, मोर्चा येत नाही. ते फक्त बाकावर सरकून जागा करून देत नाहीत. हा शॉट अकरा सेकंदांचा आहे आणि तो कापू नये म्हणून लिहिणारी माझ्याशी तीन रात्री भांडली. तिचं बरोबर होतं.

बोलणंही बदललं. आधी मामा बालभारतीच्या धड्यासारखा बोलायचा. पुलंचे बेळगावचे रावसाहेब डोळ्यासमोर उभे राहतात ते कानडी वळणाच्या मराठीवर आणि शिव्यांवर, तेच रावसाहेब शुद्ध बोलले असते तर कोण लक्षात ठेवणार? तेव्हा संवाद खऱ्या मामाला वाचायला दिले आणि त्यानं जे तोंडात बसत नव्हतं ते सरळ फेकून दिलं.

शेवटी पाटी पूर्ण होते, सुरेख कानडी अक्षरं. खाली उजव्या कोपऱ्यात बापाची बारीक मराठी सही मामानं तशीच ठेवलेली असते. स्वतःची करत नाही. रडत नाही. शिडी उचलून निघतो.

दुसऱ्या खेळाला माणसं कमी होती, तीसेक. संपल्यावर भांडण लागलं. एक गृहस्थ म्हणाले, हा माणूस विकला गेला. दुसरे म्हणाले, सही ठेवली ना, मग? कानडी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या की शेवटच्या पाटीत एक ओत्तक्षर (जोडाक्षरात खाली लिहितात ते) चुकलंय, आणि ते खरंच चुकलं होतं, कारण तो क्लोज-अप मामा नसताना पोरांनी स्वतः रंगवून घेतला होता. आजी या खेपेला काहीच बोलली नाही. जिना उतरताना मात्र नातवाला विचारत होती, "बाचं नाव तेवढं का ठेवलं रे त्येनं?" नातवानं सांगायला सुरुवात केली तर म्हणाली, "तू गप्प बस, मी बघतो."

जमलं नाही तेही सांगायला पाहिजे. मुलीचं पात्र चौथ्या खर्ड्यातही फी मागण्यापलीकडे गेलं नाही. दुकानदार नुसता नियम सांगायला येतो. सहाव्या ते नवव्या मिनिटापर्यंत खरवडणंच चालू आहे, मला ते आवडतं, खरं ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांनी तिथं मोबाईल काढला. पहिला आणि चौथा खर्डा शेजारी ठेवले की एकसष्ट शॉटचे चव्वेचाळीस झालेले दिसतात. त्यांतले नऊ लाल.

पाटीचा पत्रा आमच्याकडेच होता. कॅमेरावाल्याला तो आठवण म्हणून घरी लावायचा होता. महिन्याभरानं मामाचा फोन आला, पत्रा चांगल्या गेजचा आहे, उगाच कशाला अडकवून ठेवलाय. नेऊन दिला. परवा गोवावेसवरून येताना दिसला. त्यावर आता 'ताजे चिकन मिळेल' आहे, दोन्ही भाषांत, कानडी वर आणि मोठं. ओत्तक्षरं सगळी बरोबर. कोपऱ्यातली सही गेलेली.